धरलेली जागा

१

बाबा कुठल्याही गाडीत चढले की आधी रुमाल काढतात. घडी मोडतात, सीटवर पसरतात, वरून एकदा हात फिरवतात आणि मग दारातल्या गर्दीत अडकलेल्या आईला हाक मारतात, "अगं, ये निवांत. जागा धरलीय." निळ्या चौकटींचा, धुऊन धुऊन मऊ पडलेला रुमाल. माझं सगळं लहानपण त्या रुमालानं धरलेल्या जागांवर बसून गेलं.

परदेशात तरी ते असं करणार नाहीत, असं मला वाटलं होतं.

"बाबा, प्लीज. इथे असं चालत नाही."

"का? रुमालाला व्हिसा लागतो?"

"जागा सगळ्यांची असते. जो उभा असेल त्याची आधी."

"ऐकलंस का?" बाबा आईला म्हणाले. "पुढारी बोलल्या."

पुढारी म्हणजे मी. कॉलेजात मी पथनाट्यं केली, मोर्चांत घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या आणि सार्वजनिक वाहतुकीवरच्या एका भाषणाला बक्षीसही मिळवलं. रेल्वेचा डबा ही माणसानं बांधलेली सगळ्यांत न्यायी खोली आहे, असं त्यात एक वाक्य होतं. तिथे सगळे एकाच दिशेनं जातात. त्यामुळे ट्रॅव्हल कंपनीची बस नको, आपण रेल्वेनं फिरू, हा हट्ट माझाच. कंपनीच्या बसमधून माणूस देश बघत नाही, काचेपलीकडचे मासे बघतो, असं मी जेवणाच्या टेबलावर सुनावलं होतं. आई म्हणाली, "जाऊ या की. तिची हौस होईल."

हौस चांगलीच फिटली. जिने संपता संपत नव्हते आणि जिथे जिना होता तिथली लिफ्ट बंद होती. तिकिटाचं यंत्र आमच्याशी त्याच्या भाषेत बोलायचं आणि आम्ही बटण शोधेपर्यंत रुसून पहिल्या पडद्यावर जायचं. प्लॅटफॉर्म ऐन वेळी बदलायचा. तो बदलल्याचं सगळ्यांना कळायचं, कारण सगळी गर्दी एकदम वळायची. फक्त आम्ही तिघं बॅगांचे हँडल धरून उभे. लाउडस्पीकरवरची बाई पाण्याखालून बोलल्यासारखी बोलायची. आई प्रत्येक घोषणेला मान वर करून, लक्ष देऊन ऐकायची आणि शेवटी माझ्याकडे बघायची. "काय म्हणाली गं, बबडे?"

"काही नाही," मी सांगायचे. मला एक अक्षर कळत नव्हतं.

२

त्या दिवशीची गाडी मोठी होती आणि भरलेली होती. आरक्षण नव्हतं. आम्हाला दोघांचा एक बाक आणि त्याच्यासमोरची एकट्याची खुर्ची मिळाली. आई खिडकीशी, तिच्या शेजारी बाबा, समोर मी. आईनं स्वेटरवर कोट आणि कोटावर शाल घेतली होती. "तू आता बॅगेसारखी दिसतेस, नुसतं चाक लावायचं बाकी आहे," असं बाबा म्हणाले आणि तिनं त्यांना कोपरानं ढोसलं.

बाहेर पांढुरका उजेड होता. सकाळ आहे की दुपार, ते त्यावरून कळलं नसतं. शेतं, कुंपणं, पुन्हा शेतं.

आई संत्रं सोलत होती. ती प्रत्येक फोडीच्या पांढऱ्या शिरा नखानं काढते, फोड उजेडात धरून बघते आणि मगच पुढे करते. माझं लग्नाचं वय झालं असं नातेवाईक म्हणतात, पण मी अजून शिरा असलेली फोड खाल्लेली नाही.

फोड घेताना माझं लक्ष पलीकडच्या बाकावर गेलं. एक म्हातारा गृहस्थ बसला होता आणि त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर एक हातमोजा ठेवलेला होता. एकच. बायकी, तपकिरी.

त्याच्या पुढच्या बाकावर मफलर. त्याच्या पलीकडे एक लोकरी टोपी. मी जरा उठून पाहिलं. डब्यात रिकाम्या जागा बऱ्याच होत्या आणि प्रत्येक रिकाम्या जागेवर काही ना काही ठेवलेलं होतं.

"बघ!" बाबांनाही ते दिसलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "इथेही रुमाल टाकतात. म्हटलं नव्हतं? माणूस जगात कुठेही जा, सारखाच."

"मग ज्यांच्यासाठी धरल्यात ती माणसं कुठे आहेत?"

"असतील इकडे तिकडे. येतील."

मधे स्टेशनं आली. लोक चढले, उतरले. त्या जागांकडे कुणी आलं नाही. हातमोजेवाला म्हातारा मात्र प्रत्येक स्टेशनाला दाराकडे मान वळवायचा आणि गाडी सुटली की परत समोर बघायचा.

मग आईला बाथरूमला जायचं झालं. आमच्या डब्यातल्या दाराला कुलूप होतं. "मागच्या डब्यात असेल, बघून येते," ती म्हणाली. शाल तिनं बरोबर नेली, गारठा होता म्हणून. तिचा फोन माझ्या बॅगेत चार्जिंगला लावलेला होता. जाताना राहिलेलं संत्रं तिनं माझ्या हातात दिलं.

ती वळली तशी बाबांनी तिच्या जागेवर रुमाल पसरला आणि वरून हात फिरवला.

३

दाराजवळ एक बाई उभी होती. आईच्याच वयाची, राखाडी कोट, हातात काही सामान नाही. खांबाला धरून उभी होती आणि प्रत्येक हिसक्याला तिचा गुडघा वाकत होता. ती कधीपासून उभी होती कोण जाणे. माझं लक्ष गेलं तेव्हापासून मला तो रुमाल टोचायला लागला.

"बाबा, त्यांना बसू द्या ना. आई येईपर्यंत."

"येईलच ती आता."

"आली की त्या उठतील. पाय बघा त्यांचे."

"तू तुझी जागा दे की मग."

"देते! पण ही रिकामी असताना मी कशाला उठू? रिकामी जागा अडवून ठेवणं म्हणजे..."

"पुरे, पुरे. भाषण नको."

तेवढ्यात गाडी एका मोठ्या जंक्शनला थांबली. बराच वेळ थांबली. लाउडस्पीकरवरची बाई लांबलचक काहीतरी म्हणाली, मग तेच पुन्हा म्हणाली. डब्यातले काही लोक उठून मागे गेले, मागचे काही पुढे आले. कुठूनतरी लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला आणि डबा एकदा हादरला.

मी उठले, रुमाल उचलला, त्याची घडी केली आणि बाबांच्या मांडीवर ठेवला. मग त्या बाईकडे गेले, हसले आणि जागेकडे हात केला.

तिनं मान हलवली. नको.

मला वाटलं, संकोच. मी पुन्हा हात केला. तिनं जास्त जोरात मान हलवली. खांब तिनं दोन्ही हातांनी धरला. ती काहीतरी म्हणाली, हळू, भरभर, आणि बोटानं खिडकीबाहेर दाखवलं, मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, मग पुन्हा बाहेर. तिचे डोळे भरून आले होते. मला ते अश्रू कृतज्ञतेचे वाटले.

"बसा ना. किती वेळ उभ्या राहाल?" मी मराठीतच म्हणाले. तिचं कोपर धरलं, हलक्या हातानं सोडवलं आणि तिला आणून बसवलं.

डबा गप्प झाला. पलीकडच्या म्हाताऱ्यानं मला पाहिलं आणि आपला तळवा त्या हातमोज्यावर दाबून धरला.

गाडी सुटली.

४

आई आली नाही.

आधी आम्ही थट्टा केली. "सापडलं नसेल दार, तुझी आई फ्लशचं बटण शोधत असेल," असं बाबा म्हणाले. मग मी शोधायला निघाले. एक डबा, दुसरा डबा. दुसऱ्या डब्याच्या शेवटच्या दाराला मी हात लावला आणि तसाच ठेवला. काचेपलीकडे पुढचा डबा नव्हता. रूळ होते. माझ्या पायाखालून निघून मागे मागे पळणारे रूळ आणि त्यांच्यावर तो पांढुरका उजेड.

मागची अर्धी गाडीच नव्हती.

मी काचेवर हात आपटला असावा, कारण गार्ड आला. पोट सुटलेला, थकलेला माणूस. मी इंग्रजीत ओरडले. माय मदर, माय मदर. त्यानं दोन्ही हात वर करून मला शांत केलं, काचेवर तोंडाची वाफ सोडली आणि बोटानं त्यात एक रेघ काढली. मधेच त्या रेघेच्या दोन झाल्या. एक एकीकडे, एक दुसरीकडे. जंक्शनला गाडी तुटते. पुढचे डबे समुद्राकडे, मागचे डोंगराकडे. ती लांबलचक घोषणा हीच होती.

मला गावांची नावं पाठ होती, तिथल्या संग्रहालयांच्या सुट्ट्या पाठ होत्या. गाडी तुटते, हे मला कुणीही सांगितलं नव्हतं.

गार्डनं माझा चेहरा पाहिला आणि त्या दोन रेघा पुढे वाढवल्या. पुढे एका ठिकाणी त्या पुन्हा एकमेकींजवळ आल्या. तिथे त्यानं टिंब ठेवलं. मग त्या पुन्हा फाकल्या, आणि त्यानं त्या काचेच्या दोन टोकांपर्यंत नेल्या, परत कधी भेटणार नाहीत अशा.

"धिस स्टेशन?" मी टिंबावर बोट ठेवलं. "बोथ ट्रेन?"

त्यानं मान डोलावली. दोन्ही थांबतात. मग चिमटीनं दाखवलं: थोडाच वेळ.

मी त्याला ओढतच आमच्या जागेकडे आणलं. माझे बाबा दाखवले, आईची जागा दाखवली. त्यानं बाकावरच्या दोघांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा सैल झाला. काहीतरी गैरसमज मिटल्यासारखा.

"थ्री पीपल," तो म्हणाला. "थ्री सीट. ओके."

आणि निघून गेला.

५

"बाबा, पुढे एक स्टेशन आहे. आईची गाडी तिथे येणार आहे. आपण उतरायचं, तिला घ्यायचं. तुम्ही बॅगा काढून ठेवा."

"बरं बरं," बाबा म्हणाले. ते थर्मासमधला चहा ओतत होते. झाकणात, म्हणजे आईच्या कपात. तो त्यांनी त्या बाईच्या हातात दिला.

"थंडी वाजतेय तिला," ते मला म्हणाले.

ठीक आहे. माणुसकी आहे. मीच तर तिला बसवलं होतं. मी खिडकीतून बाहेर बघायला लागले, येणाऱ्या प्रत्येक खांबाला ते स्टेशन समजून. आईकडे फोन नाही. पैसे नाहीत. पासपोर्ट बाबांच्या पाकिटात. तिला घोषणा कळत नाही, आणि काय म्हणाली गं असं विचारायला समोर कुणी नाही. ती दुसऱ्या कुणालातरी विचारेल. मान वर करून, त्याच विश्वासानं. हे डोळ्यांसमोर आलं आणि मला बसवेना.

"सावकाश. भाजेल," बाबा म्हणाले.

मी वळून पाहिलं. ते मला म्हणाले नव्हते.

"अगं, गोळी घेतलीस का सकाळची?" त्यांनी त्या बाईला विचारलं.

अगं. हा एक शब्द ते आयुष्यात एकाच बाईला म्हणत आलेत. मावश्यांना, काकूंना, शेजारणींना नावानं हाक मारतात. अगं फक्त घरात, एकीला.

"बाबा?"

"काय?"

"कुणाशी बोलताय?"

"कुणाशी म्हणजे?" ते हसले. "पुढारी, झोप झाली नाही का तुझी? डोळे बघ कसे झालेत."

मी स्वतःला समजावलं. धक्का बसला की मेंदू असं करतो. वय आहे, साखर आहे, सकाळपासून नीट खाल्लं नाही. आईची काळजी सहन होत नाही म्हणून समोर जी बाई आहे तिला ते आई करून टाकतायत. याला काहीतरी नाव असेल. पुस्तकात नाव असलेल्या गोष्टीला घाबरायचं कशाला?

मग मला नखाचा आवाज आला. आपण ओळखतो असे आवाज असतात. माझ्या बाजूला ठेवलेलं संत्रं त्या बाईच्या हातात होतं. ती पांढऱ्या शिरा काढत होती. एकेक. फोड तिनं उजेडात धरून पाहिली आणि माझ्यापुढे केली.

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मान ती अजूनही हलवत होती, अगदी थोडी, नाही, नाही. पण हात स्वतःचे नसल्यासारखे पुढची फोड सोलत होते.

"घे ना," बाबा म्हणाले. "आई देतेय तर."

६

ते स्टेशन आलं. दोनच प्लॅटफॉर्म, वर लोखंडी पूल. पलीकडच्या प्लॅटफॉर्मला आमच्याच रंगाची अर्धी गाडी उभी होती. मधल्या रुळांवरून मला तिच्या खिडक्या दिसल्या, आणि एका खिडकीत शाल.

"बाबा, चला! ती बघा! आई तिकडे आहे, दिसतेय, चला!"

मी त्यांचा दंड धरून ओढला. ते उठले नाहीत. त्यांनी माझा हात हळूच सोडवला आणि त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दलची काळजी होती, खरीखुरी.

"बबडे, आई इथे आहे," ते म्हणाले. बबडे मला आई म्हणते. ते कधीच म्हणत नाहीत. "तिला एकटीला सोडून मी कुठे येऊ?"

"बाबा, मी तुमच्या पाया पडते. नंतर मला वेड्यात काढा, मारा, पण आत्ता उतरा."

"तुला उतरायचंय का? बाथरूमला? जा, जा. लवकर ये."

वेळ नव्हता. मला वाटलं, आईला घेऊन येते. तिला समोर उभं केलं की सगळं जागेवर येईल. तिनं नुसतं "अहो" म्हटलं की पुरे. मी धावले. दारातून एकदा वळून पाहिलं.

बाबांनी खिशातून रुमाल काढला होता. माझ्या खुर्चीवर पसरून ते त्याच्यावरून हात फिरवत होते.

"नका!" मी ओरडले. "बाबा, रुमाल नका टाकू!"

"अगं, ये निवांत," ते म्हणाले. "जागा धरलीय."

परत जाऊन तो उचलावा की पुढे पळावं, हे ठरवायला मला एक श्वास मिळाला. मी पुढे पळाले. पुलाच्या पायऱ्या एका दमात चढले, उतरले. गार्ड शिट्टी वाजवत होता, कुठल्या गाडीचा ते कळत नव्हतं. मी समोरच्या दारात अंग झोकून दिलं.

७

ती बसली होती. माझी आई. स्वेटर, त्यावर कोट, केस जरा सुटलेले. तिच्यासमोर टोपी घातलेला एक उंच माणूस मान खाली घालून बसला होता. तिच्या शेजारची जागा रिकामी होती आणि त्या जागेवर तिनं शाल घातली होती, नीट, चारही टोकं ओढून.

"आई!"

तिनं वर पाहिलं. मी तिच्याजवळ पोचले, शाल बाजूला सारून बसणार तोच तिनं शालीवर तळवा ठेवला.

ती हसली. हे हसू मला माहीत आहे. तिकीट तपासणारे, हॉटेलातले, रस्ता सांगणारे, अशा परक्या माणसांसाठी ती ते राखून ठेवते, भाषा येत नाही याची माफी मागणारं.

"सॉरी," ती म्हणाली. "माय डॉटर. कमिंग."

"आई, मीच आहे. आई, चल, उतर, बाबा तिकडे आहेत, गाडी सुटेल..."

ती मान वर करून ऐकत होती. लक्ष देऊन, एकेक शब्द. घोषणा ऐकते तशी. मी थांबले तेव्हा तिनं समोरच्या माणसाकडे पाहिलं.

"अहो, काय म्हणतेय हो ही?" तिनं त्याला विचारलं. "काहीच कळत नाही. बिचारी रडतेय बघा."

अहो. त्याच सुरात.

त्या माणसानं मान वर केली. त्याचे डोळे लाल होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी थोडी मान हलवली. नाही. नाही.

मी आईचा हात धरला. तिनं सोडवून घेतला नाही, उलट थोपटला. मी तिला सांगितलं, आई, मी बबडी. मी तिला घरच्या पत्त्यापासून सगळं सांगितलं, मी लहानपणी कुठे पडले, टाके कुठे आहेत, केस बाजूला करून दाखवलेही. तिला माझी दया येत होती. माझ्या तोंडून शब्द मराठीतच बाहेर पडत होते, मला ते स्वतःच्या कानांनी ऐकू येत होते, आणि तिच्यापर्यंत जाताना त्यांचं पाणी होत होतं.

डबा हादरला. गाडी निघाली. समोरची गाडीही निघाली.

काही क्षण दोन्ही गाड्या शेजारून चालल्या. खिडकीसमोर खिडकी. मला बाबा दिसले, त्यांच्या शेजारी राखाडी कोट. माझ्या खुर्चीसमोर एक मुलगी उभी होती, पाठमोरी, खांब दोन्ही हातांनी धरून, आणि जोरजोरात मान हलवत होती. बाबा रुमाल उचलून जागेवर थाप मारत होते. बस ना, बस.

मग रूळ फाकले.

८

मी आईच्या समोर उभी राहिले. खांबाला धरून. बसायचं नाही, एवढंच मला कळत होतं. बाकी काहीही कळत नसलं तरी एवढं पक्कं. उभं असेपर्यंत मी कुणाचीच नव्हते, म्हणजे अजून तिची होऊ शकत होते. पुढचं स्टेशन येईल, तिला उतरवेन, पोलीस असतील, दूतावास असेल, मराठी बोलणारा एखादा माणूस जगात कुठेतरी असेलच. तो तिला सांगेल.

डब्यातल्या रिकाम्या जागांवर वस्तू होत्या. मी त्यांच्याकडे बघत नव्हते.

आई प्रत्येक स्टेशनाला दाराकडे मान वळवत होती. गाडी सुटली की शालीवरून एकदा हात फिरवायची. हे तिनं बाबांचं उचललेलं. इतकी वर्षं हसली त्यांना, आणि आता स्वतः तेच.

गाडी डोंगरात शिरली. वळणं सुरू झाली. प्रत्येक हिसक्याला माझा गुडघा वाकत होता. आईनं ते पाहिलं. तिच्या कपाळावर आठी पडली. कुणी उभं असलं की तिला घास गोड लागत नाही, हे मला माहीत आहे. मी जे काही आहे ते मुळात तिच्याकडून आलंय. ते भाषण, ते बक्षीस, सगळं.

पलीकडच्या बाकावर एक नवराबायको होते. मध्यमवयीन, दमलेले. त्यांच्या समोरच्या जागेवर एक लाल लोकरी टोपी होती. ते कितीतरी वेळ माझ्याकडे बघत होते. बाईनं नवऱ्याला काहीतरी विचारलं. त्यानं पुढे वाकून ती टोपी उचलली, घडी केली आणि मांडीवर ठेवली.

मी मान हलवली. नको.

त्यांनी जागेवर थाप मारली. मी जोरात मान हलवली. मी खांब दोन्ही हातांनी धरला. आईला म्हणाले, आई, नको, त्यांना सांग नको, मी तुझी आहे, बाहेर माझे बाबा आहेत. मी खिडकीबाहेर बोट दाखवलं. छातीवर ठेवलं. पुन्हा बाहेर दाखवलं.

आई उठली.

"संकोचतेय पोर," ती समोरच्या माणसाला म्हणाली. मग माझ्याजवळ आली. तिच्या बोटांना संत्र्याचा वास होता. "बस ना, बाळा. किती वेळ उभी राहशील?"

तिनं माझं कोपर धरलं. माझी बोटं खांबावरून सोडवली, एकेक, हलक्या हातानं. मी तिला ढकलू शकले असते. पण ती आई होती. तिचा हात होता, आणि ती मला धरून नेत होती, आणि माझ्यातलं काहीतरी लहानपणापासूनच्या सवयीनं तिच्या मागोमाग गेलं.

तिनं मला बसवलं. डबा गप्प झाला.

जागा ऊबदार होती. समोरच्या बाईनं माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि ती रडायला लागली, हसायलाही लागली. नवरा डोळे पुसत होता. तिनं मला एका शब्दानं हाक मारली. लहान शब्द होता, लाडाचा. मी तो आयुष्यात कधी ऐकला नव्हता.

वर लाउडस्पीकरवरची बाई बोलत होती. पुढचं स्टेशन कोणतं, दारं कुठल्या बाजूला उघडतील, सामान विसरू नका, असं सांगत होती. किती स्पष्ट बोलते, मला वाटलं.

मी मान वळवून पाहिलं. पलीकडच्या बाकावर कुणी परदेशी प्रवासी होत्या, कोटवाल्या बाई. शेजारच्या जागेवर शाल पसरून दाराकडे बघत बसल्या होत्या. कुणाची तरी वाट बघत असाव्यात.

आई. माझी आई दाराकडे बघत होती.